घरी संगणक जोडायचा आहे? मग हत्यारं कोणती लागतील?



दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या नववीतल्या एका मुलीचे वडील शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभे होते. म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणते तयार कॉम्प्युटर नको, सुटे भाग आणून घरीच जोडू. भागांची यादी तिने करून ठेवली आहे. पण हत्यारं कोणती आणायची?" आणि त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर ११५ तुकड्यांचा एक चकचकीत सेट होता. मी म्हटलं, "अहो, हा सेट राहू द्या. एक चांगला स्क्रू ड्रायव्हर घ्या. बाकी बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरात आहे." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. पण "एकच स्क्रू ड्रायव्हर पुरतो" एवढं सांगून सोडून दिलं तर तेही धोक्याचं आहे. तो ड्रायव्हर कोणता, कसा धरायचा, आणि हत्यारांच्या यादीत कुणी न लिहिलेल्या दोन-चार गोष्टी कोणत्या, हे माहीत नसेल तर महिन्याच्या पगाराचा मोठा भाग पाच मिनिटांत वाया जाऊ शकतो. माझा गेलाय. ते पुढे सांगतेच.

आधी "जोडणं" म्हणजे काय ते बघू. पुष्कळ पालकांच्या डोळ्यांसमोर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री, ड्रिल मशीन, वायरी सोलणं असं चित्र असतं. यातलं काहीच करायचं नसतं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं मोजमापाचं प्रमाण आणलं. त्यामुळे मदरबोर्डला भोकं कुठे असावीत, वीजपुरवठ्याच्या डब्याचा, म्हणजे एसएमपीएसचा आकार किती असावा, हे सगळं ठरून गेलं. पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मग कॅबिनेट एका कंपनीचं, बोर्ड दुसऱ्या कंपनीचा, तरी भोकाला भोक जुळतं. एसएमपीएसच्या बहुतेक वायरींची टोकंही अशी घडवलेली असतात की ती एकाच बाजूने आत जातात. म्हणजे काम उरलं ते खोचायचं आणि स्क्रू पिळायचं. म्हणून हत्यारं कमी.

"मग दुकानदारच जोडून देतो की!" असंही पालक म्हणतात. खरं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळे भाग एकाच दुकानातून घेतले की बहुतेक जण जोडूनही देतात. पण मग तो डबा घरी आला की पुढची सहा वर्षं कुणी उघडत नाही. आत धूळ साचते, पंखा घरघरतो, आणि रॅम वाढवायची म्हटली तरी मेकॅनिकची वाट बघावी लागते. ज्या मुलाने तो स्वतः जोडलाय ते पुढे उघडायला घाबरत नाही.

स्क्रू ड्रायव्हर: यावर पैसे खर्च करा

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "स्टार स्क्रू ड्रायव्हर द्या" म्हणा, दुकानदार फुलीच्या टोकाचा ड्रायव्हर देईल. याचं खरं नाव फिलिप्स. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात याचे पेटंट घेतले आणि तो आधी मोटारींच्या कारखान्यात वापरात आला. (खरा सहा टोकांचा स्टार म्हणजे टॉर्क्स. तो वेगळा. संगणक जोडायला तो सहसा लागत नाही. त्यामुळे दुकानात "फुलीचा" असं सांगितलेलं बरं.)

फुलीच्या ड्रायव्हरला आकाराचे नंबर असतात: ०, १, २, ३. आपल्याला हवा नंबर २. कॅबिनेट, मदरबोर्ड, एसएमपीएस, हार्ड डिस्क, जवळजवळ सगळे स्क्रू या एका नंबरने फिरतात. दांडी साधारण सहा इंच लांब घ्या. आखूड घेतला तर कूलरच्या शेजारचा किंवा कोपऱ्यातला स्क्रू गाठताना मूठ दुसऱ्या भागांवर घासते. टपारिया ही नाशिकची जुनी कंपनी, त्यांचा किंवा तशाच कुठल्याही धड कंपनीचा एक ड्रायव्हर शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. स्वस्त सेटमधल्या शंभर टोकांचं पोलाद मऊ असतं, दहा स्क्रू फिरवले की कडा गोल होतात.

आता माझी गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा घरी संगणक जोडला तेव्हा नंबर २ घरात नव्हता. घड्याळाच्या डब्यातला नंबर १ सापडला. फुली फुलीत बसतेय, म्हटलं चालेल. आठ स्क्रू झाले. नववा, अगदी मधला, थोडा घट्ट होता. लहान टोक मोठ्या खाचेत नीट भिडत नाही, ते फक्त तळाशी टेकतं. मी जोर लावला, टोक खाचेतून वर सरकलं आणि ड्रायव्हर बोर्डावरून चांगला दोन इंच घसरला. आवाज सुद्धा झाला नाही फारसा. फक्त एक पांढरी रेघ उमटली. त्या रेघेखाली केसासारखे बारीक तांब्याचे मार्ग होते, त्यातले दोन-तीन तुटले. बोर्ड पुन्हा कधी चालू झाला नाही. दुकानदाराने वॉरंटीला नकार दिला, आणि त्याचं चूक नव्हतं. ओरखडा माझाच होता.

फुलीच्या खाचेचा हा स्वभावच आहे: जास्त जोर आला की टोक वर चढून बाहेर निसटतं. म्हणून फिरवण्याइतकंच खाली दाबणं महत्त्वाचं. मुलांना मी असं सांगते, की जोराचा मोठा वाटा दाबण्यात, थोडा फिरवण्यात, आणि दुसरा हात कधीही ड्रायव्हरच्या पुढे नाही. नंबर बरोबर आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे स्क्रू टोकावर ठेवून हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघायचं. खुळखुळला तर ड्रायव्हर लहान आहे. खाचेच्या वरच तरंगला तर मोठा.

आपल्याकडे आणखी एक घरगुती सवय आहे. प्रत्येक घरात टेस्टर असतो, आणि तो प्रत्येक कामाला वापरला जातो. डबा उघडायला, चुना खरवडायला, स्क्रू फिरवायला. कृपया संगणकाला टेस्टर लावू नका. त्याचं टोक चपटं असतं, फुलीच्या खाचेत ते दोनच बाजूंना टेकतं आणि पहिल्या संधीला सटकतं. बॅटरीवर चालणारा ड्रिल-ड्रायव्हरही नको. मदरबोर्डचे स्क्रू बोटांच्या जोराने "बसला" एवढं वाटेपर्यंतच पिळायचे असतात, यंत्राला ते कळत नाही.

टोकाला चुंबकत्व असेल तर फार सोय होते. स्क्रू टोकाला चिकटून राहतो आणि खोल जागी पडत नाही. इथे हमखास शंका येते: "चुंबकाने कॉम्प्युटर बिघडत नाही का?" फ्लॉपीच्या काळातली ही भीती. एसएसडीत माहिती चुंबकत्वाने साठवलेली नसते, त्यामुळे तिला काही होत नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कच्या आत तर स्वतःचेच जबरदस्त ताकदीचे चुंबक असतात. ड्रायव्हरच्या टोकाच्या चुंबकत्वाची तिथे काय मातब्बरी! ड्रायव्हर चुंबकीय नसेल तर विज्ञानाच्या तासाला शिकवतो ती एकस्पर्शी पद्धत वापरा. बिघडलेल्या स्पीकरचा चुंबक घ्या, दांडीवर मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा, परत नेताना चुंबक उचलून घ्या. पाठ्यपुस्तकातली कृती अशी कामाला आली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

नंबर २ शिवाय एक छोटा ड्रायव्हर मात्र लागतो, नंबर १ किंवा ०. तो एकाच स्क्रूसाठी. आजकालची एसएसडी च्युइंगमच्या पट्टीसारखी असते, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब. ती तिरकी खोचून आडवी दाबायची आणि शेवटी इवलासा स्क्रू लावायचा. हा स्क्रू फरशीवर पडला तर झाडूनेही सापडत नाही. काही नव्या बोर्डांवर त्याऐवजी फिरकी दिलेली असते, मग छोटा ड्रायव्हरही नको.

मिसळणाचा डबा

हे माझं सगळ्यात लाडकं हत्यार. कॅबिनेटबरोबर एका पिशवीत तीस-चाळीस स्क्रू एकत्र येतात. वरवर सगळे सारखे, पण नसतात. यात दोन जाती असतात आणि त्यांची अदलाबदल झाली की भोकाचे आटे खराब होतात. एका जातीचे आटे जाड आणि विरळ: इंचाला ३२. हे कॅबिनेट, एसएमपीएस आणि मोठ्या हार्ड डिस्कसाठी. दुसरी जात बारीक, दाट आट्यांची, तिला एम ३ म्हणतात. दोन आट्यांत अंतर अर्धा मिलिमीटर. ही अडीच इंची एसएसडीला लागते. मदरबोर्डला यातले कोणते ते कॅबिनेटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पंख्याचे स्क्रू तिसरेच, जाडजूड, ते प्लास्टिकमध्ये स्वतःच वाट करत जातात.

रिकामा मिसळणाचा डबा घ्या (मोहरी-हळदीचा वास गेला पाहिजे, पुसून कोरडा करा) आणि मुलांना स्क्रू वेगळे करायला बसवा. जाड आट्याचे एका वाटीत, बारीक दुसऱ्या, पंख्याचे तिसऱ्या. दोन स्क्रू शेजारी धरून आटे जुळवून बघितले की फरक लगेच कळतो. दहा मिनिटांचं काम, पण पुढचा गोंधळ वाचतो. आणि कुठलाही स्क्रू लावताना आधी थोडा उलटा फिरवायचा. बरणीचं झाकण लावताना आपण करतो तसंच. "टक्" असं बारीकसं जाणवलं की आटे जुळले, मग सुलटा फिरवायचा. तो बोटांनीच दोन-तीन वेढे गेला पाहिजे. सुरुवातीपासूनच जोर लागत असेल तर स्क्रू तिरका तरी आहे किंवा चुकीच्या वाटीतला तरी.

याच पिशवीत पितळी रंगाचे षटकोनी खांब असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून तो या खांबांवर बसवतात. बोर्डाच्या पाठीवर शेकडो सोल्डरचे टोक असतात. पत्र्याला लागले तर शॉर्ट. ज्या जागी बोर्डाला भोक नाही तिथे खांब राहून गेला तरी शॉर्टच, कारण खांबही धातूचाच. पुष्कळ कॅबिनेटमध्ये काही खांब कारखान्यातच लावून येतात, आणि ते तुमच्या बोर्डाच्या मापाचे असतीलच असं नाही. तेव्हा बोर्ड आत ठेवण्यापूर्वी त्याची भोकं मोजा. मोठ्या एटीएक्स बोर्डाला बहुधा नऊ असतात, लहान बोर्डाला कमी. मग कॅबिनेटमधले खांब मोजा. आकडा आणि जागा दोन्ही जुळल्या पाहिजेत. खांब हाताने पिळून मग पक्कडीने किंवा ५ मिलिमीटरच्या पान्याने अगदी पाव वेढा. पक्कड घरात असतेच, पाना मुद्दाम आणायची गरज नाही.

कॅबिनेटचा पत्रा आतून धारदार असतो, स्वस्त कॅबिनेटचा तर फारच. जखमेवर लावायची पट्टी डब्याशेजारी ठेवा.

न दिसणारी ठिणगी

हिवाळ्यात स्वेटर काढताना तडतड होते, ती स्थिर वीज आपण वर्गात शिकवतो. ठिणगी आपल्याला बोटाला जाणवते तेव्हा ती साधारण ३००० व्होल्टच्या पुढची असते. संगणकाच्या चिप्सना याच्या कितीतरी कमी व्होल्ट पुरतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवलं नाही तरी भाग दुखावलेला असू शकतो. तो लगेच मरेल असंही नाही, कधी कधी महिन्याभराने कुरकुरायला लागतो आणि मग कारण सापडत नाही.

मात्र याचा बाऊही करू नका. हवेत ओलावा असला की अंगावर वीज साठत नाही. कोकणात पावसाळ्यात हा धोका फारच कमी, विदर्भ-मराठवाड्यात जानेवारीच्या कोरड्या हवेत जास्त. सुती कपडे घाला. नायलॉन, लोकर नको. सतरंजीवर किंवा गादीवर बसून काम करू नका. लाकडी जेवणाचं टेबल उत्तम. भाग त्याच्या पिशवीतून काढण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावा, आणि अधूनमधून लावत राहा. बोर्ड कडेला धरा, चिप्सना बोट नको.

मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा मिळतो, स्वस्त असतो, आणि मुलं काम करणार असतील तर मी तो घ्या असंच म्हणेन, कारण मुलं हात लावायला विसरतात. त्याचं दुसरं टोक कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावायचं. चांगल्या पट्ट्यात १० लाख ओहमचा रोध असतो. तो कशाला, हा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारून बघा. चुकून २३० व्होल्टशी संबंध आलाच तर ओहमच्या नियमाने प्रवाह येतो ०.२३ मिलिअँपिअर, म्हणजे जीवावर बेतणार नाही. तरीपण पट्टा बांधून विजेच्या चालू वस्तूला हात लावायचा नाही, आणि त्याचं टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये तर अजिबात नाही. जोडणीचं सगळं काम प्लग काढूनच.

हत्यारांच्या यादीत नसलेलं: भिंतीतलं सॉकेट

पालकांनो, हा भाग मात्र सावकाश वाचा.

संगणकाची केबल तीन पिनांची असते. वरची पिन जाड आणि लांब. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. ती अर्थिंगची पिन. जुन्या घरांत, चाळीत, वाड्यात कित्येकदा सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्याच्यामागे तार नसते, किंवा असते पण जमिनीपर्यंत पोचत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, म्हणून कुणाला कळतही नाही.

संगणक जोडला की कळतं. एसएमपीएसच्या आत विजेतली खरखर गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर तो बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोन्हींच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी, पण अनवाणी पायाने पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. "कॉम्प्युटर थोडा शॉक देतो, सवय झाली" असं सांगणारी किती घरं मी पाहिली आहेत! ती सवय करून घ्यायची गोष्ट नाही. आज मुंग्या येतात. उद्या आत एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली तर तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर असेल आणि फ्यूज उडायला वाटच नसेल.

म्हणून भागांची ऑर्डर देण्याआधी वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. हे काम त्याचंच. तुमचं किंवा मुलांचं नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा अडॅप्टर वापरू नका, अर्थची पिन कापू तर मुळीच नका. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. तो डबा बिघडला तर बदलायचा. त्याच्या स्क्रूंना हात लावायचा नाही, एवढा एक नियम मुलांकडून वदवून घ्या.

बाकी किरकोळ

उजेड. ट्यूबलाइट पुरत नाही, कॅबिनेटच्या आत तुमचीच सावली पडते. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर छानच. नसेल तर घरातल्या कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च धरून उभं करा. बोर्डावरची अक्षरं मुंगीएवढी असतात. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा. चाळिशी लागलेल्यांना हा उपाय मी हमखास सुचवते.

प्रोसेसर बसवायला हत्यार लागत नाही आणि वापरायचंही नाही. त्याच्या कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता सोडायचा. आपोआप बसतो. दाबावा लागला तर काहीतरी चुकलंय. बहुतेक नव्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या केसापेक्षा नाजूक. तिथे बोट, कापड, फुंकर काहीच नको. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण टाकू नका, वॉरंटीच्या वेळी ते मागतात.

त्यावर थर्मल पेस्ट. प्रोसेसरबरोबर आलेल्या कूलरला ती बहुधा आधीच लावलेली असते. मग वेगळी घेऊच नका. वेगळी लावायची असेल तर मटारच्या लहान दाण्याएवढा एक ठिपका मधोमध, पसरवायची गरज नाही, कूलरच्या दाबाने पसरते. टूथपेस्ट लावलेले महाभाग मी ऐकले आहेत. ती दोन दिवसांत वाळते आणि प्रोसेसर तापतो. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायचं कापड. जेल सॅनिटायझर चालत नाही, त्यात चिकट पदार्थ असतात. कूलरच्या बुडाला पारदर्शक संरक्षक पट्टी असेल तर ती काढा, ती तशीच ठेवून कूलर बसवणारे थोडेथोडके नाहीत. कूलरचे चार स्क्रू समोरासमोरचे, आलटून-पालटून थोडे थोडे पिळा. एकच आधी पूर्ण पिळला तर कूलर कलतो.

वायरी बांधायला प्लास्टिकचे पट्टे किंवा चिकटपट्टीचे वेल्क्रो. पट्ट्याचं उरलेलं टोक नेलकटरने अगदी बुडाशी कापा, नाहीतर पुढे कॅबिनेट साफ करताना ते हाताला ओरबाडतं. चालू-बंद बटणाच्या बारीक वायरी बोर्डावर लावताना भुवयांचा चिमटा कामी येतो. मल्टिमीटर शाळेच्या प्रयोगशाळेत असेल तर आणा, नसेल तर विकत घेऊ नका.

आणि एक पेन ड्राइव्ह, किमान ८ जीबी. विंडोज असो की लिनक्स, नव्या संगणकात ते घालायला आधी कुणाच्या तरी चालू संगणकावर हा पेन ड्राइव्ह तयार करून ठेवावा लागतो. सगळं जोडून रात्री दहा वाजता हे आठवलं की फार चिडचिड होते.

राहिली ती मदरबोर्डची पुस्तिका. ती खोक्यातच राहते आणि लोक व्हिडिओ बघत बसतात. व्हिडिओतला बोर्ड वेगळा, तुमचा वेगळा. बटणाच्या वायरी कोणत्या पिनेवर, रॅमच्या दोन पट्ट्या चारपैकी कोणत्या खाचांत (बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी), हे फक्त तिथेच नेमकं असतं. संबंधित पानांवर पेन्सिलने खुणा करून पुस्तिका टेबलावर उघडी ठेवा.

आधी खोक्यावर चालवून बघा

कॅबिनेटमध्ये काही बसवण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅमची पट्टी, एसएमपीएसचे दोन जोड (२४ पिनांचा मोठा आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा) आणि मॉनिटर, एवढंच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही. आता चालू करायचं बटण तर कॅबिनेटवर आहे, मग? पुस्तिकेत पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा आणि त्यांना ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करा. बटण तरी दुसरं काय करतं! तिथे दाब जेमतेम ५ व्होल्ट असतो, धोका नाही. फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका. हे मोठ्यांनी जवळ बसून करून घ्यावं.

पंखा फिरला आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं की जिंकलात. नाही आलं तर घाबरू नका. डीडीआर ५ रॅम असेल तर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची पारख करत बसतो आणि काही मिनिटं पडदा काळाच राहतो. तरी काही होईना, तर बंद करून प्लग काढा आणि दोन गोष्टी बघा: ८ पिनांचा जोड राहिलाय का, आणि रॅमच्या टोकाची खिट्टी "खट्ट" वाजून बसली का. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा यापैकीच एक असतं. रॅमला नवशिके घाबरून कमी दाबतात.

त्या मुलीच्या घरी सुट्टीत मी एकदा गेले होते. वडिलांनी सेट घेतला नव्हता. वायरमनने मात्र सॉकेटमागे अर्थची तारच नसल्याचं सांगितलं, त्यात दोन दिवस आणि थोडे पैसे गेले. जोडताना धाकटा भाऊ टॉर्च धरून उभा आणि आजी "हा कुठला गं मसाला?" म्हणत मिसळणाच्या डब्यात डोकावत होती. मुलीने बोर्डाची भोकं मोजली, आठ. कॅबिनेटमधले खांब मोजले, नऊ. मग तिने वडिलांकडे हात पुढे केला, "बाबा, पक्कड."